मधल्या जागेतलं घर

चंद्रकांताच्या तिसऱ्या लेकराचा पाळणा टांगायला घरात छताची एकही मयाल मोकळी उरली नव्हती, ते साल १९८१. एका मयालीला बियाण्याची गाठोडी, दुसरीला कांद्याच्या जुड्या, तिसरीखाली धान साठवायचा बांबूचा ढोला. शेवटी पाळणा कोठ्यात, बैलांशेजारी टांगला. बैलांनी मान हलवली की घुंगरं वाजत आणि पोर झोपून जाई.

"या पोराले बैलच मोठं करतेत," असं तिची सासू शकुंतलाबाई म्हणे आणि हसे. हसून झाल्यावर मात्र ती घराकडं एकदा नीट पाही. तीन खोल्या, एक छपरी, एक कोठा आणि लहानमोठी दहा माणसं.

त्याच साली, धान कापणीला यायच्या आधी, मोहटोल्याच्या ग्रामपंचायतीत घरांची सभा झाली. जिल्हा परिषदेकडून लाकूड आणि छपराचे कवेलू येणार होते. माती आणि मेहनत ज्याची त्यानं लावायची. घर लहानच, एक खोली, एक रांधणी आणि पुढं छपरी. बारा घरं बोडीच्या तळ्यापलीकडच्या मुरमाड टेकडीवर बांधावी, असं आधी ठरत होतं. सरपंच भय्याजी उठले.

"टेकडीवर घर बांधसान तं तिकडं रस्ता पायजे, विहीर पायजे, खांबावर दिवा पायजे. बरसातीत पोट्टे शाळेत काय पोहून येतीन? अन् इकडं गावातल्या गावात सतरा जागा पडीत हायेत. मी सोता मोजल्या. कोणाचं घर पडलं, कोणी नागपूरले गेला, कोणाच्या मांगं कोणी उरलं नाही. आपलं गाव दात पडलेल्या बुढीच्या तोंडावाणी होऊन राहिलं. आधी दात बसवू, मंग बाहेरचं पाहू."

"बुढी कोणाची वो, सरपंच?" मागून कोणी तरी विचारलं आणि सभा हसली. पण गोष्ट सगळ्यांना पटली. ज्याची पडीत जागा असेल त्यानं संमती लिहून द्यायची होती.

शकुंतलाबाईचे नवरे पुंडलिकराव पहिले उठले. त्यांच्या घराच्या उजव्या हाताला त्यांच्या काकाचं घर होतं. ते पडून पंचवीस वर्षं झाली होती. तिथं आता धानाच्या तणसाचा ढीग आणि मोडकी बैलबंडी होती. पुंडलिकरावांनी साठीला येता येता प्रौढ वर्गात अक्षरं गिरवली होती. तेव्हापासून सही करायची संधी ते सोडत नसत. त्यांनी पहिलं पान बोट ठेवून वाचलं आणि खाली ठळक सही ठोकली. टाळ्या पडल्या.

दुसरं पान भय्याजींनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या छपरीत बसून वाचून दाखवलं. घर ज्या कुटुंबाची चूल वेगळी असेल त्यालाच मिळणार होतं. जागा देणाऱ्याच्या घरात अशी वेगळी चूल असेल तर पहिला हक्क त्याचा. नसेल तर घर यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. पवनीचे साहेब येऊन चूल पाहतील आणि मगच नाव लावतील.

भय्याजी चहा पिऊन गेले.

"दुसरं पान काहून नाही वाचलं तुमी?" शकुंतलाबाईनं विचारलं.

"पहिलं वाचता वाचताच लोकं उठून जाऊन राहिले होते," पुंडलिकराव म्हणाले.

"मंग बसू द्याचे होते लोकं! जागा कोणाची गेली? लोकाइची का आपली?"

टेकचंद, धाकटा मुलगा, खांबाला टेकून उभा होता. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. त्याला आणि रुखमाला ढोल्याची खोली दिलेली होती. धान आलं की ते दोघं बाहेर आणि धान विकलं की आत. त्याचा एक मित्र भिलाईला होता. तिथं काम होतं आणि राहायला खोलीही मिळत होती. या घराची गोष्ट निघाली म्हणूनच तो थांबला होता.

"माहं सांगून ठेवतो, बा," तो म्हणाला. "घर भेटलं तं इथंच राहतो. नाही भेटलं तं दिवाई झाली का जातो."

शकुंतलाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

थोरल्या मुलाला, चंद्रकांताच्या नवऱ्याला, घनश्यामला लगेच उपाय सुचला. "चूलच दाखवाची हाये ना? मांडून देऊ. साहेब पाहीन, लिहीन, जाईन."

"अन् लोकं काय म्हणतीन?" चंद्रकांता आतून बाहेर आली. "म्हणतीन, मोठीनं भांडून धाकटीले वेगळं काढलं. मी नाही बापा. मले तं भांडताही येत नाही."

"तुमाले?" रुखमा पदर तोंडाला लावून म्हणाली. "मोठ्याबाई, काल कोंबडीसंग कोण भांडून राहिलं होतं?"

घनश्याम हसला. टेकचंदही हसला. चंद्रकांतानं रुखमाच्या पाठीत हलकी थाप घातली. दोघी जावा एका ताटात जेवणाऱ्या होत्या. त्यांचं भांडण साहेबाला दाखवायचं तर दोघींना आधी शिकवावं लागलं असतं.

कोठ्याच्या पडवीत रंभाबाई आपली डाळ शिजवत होती. ती पुंडलिकरावांची बहीण. आंधळगावला दिली होती. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. पुढं दोन वर्षांनी तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. घरात बोडीची मासोळी शिजायची, म्हणून ती आपलं वेगळं करून खायची. छपरीत काय चाललंय ते तिला सगळं ऐकू येत होतं. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

*

चूल शकुंतलाबाईनं स्वतः मांडली. खोटी असली म्हणून काय झालं, तिच्या हातून वेडीवाकडी होणार नव्हती. बोडीची चिकणमाती, त्यात तणसाचा भुसा, वरून गेरूचा हात. पुढच्या छपरीच्या कोपऱ्यात दोन दिवसांत अशी चूल तयार झाली की शेजारच्या बाया पाहून गेल्या. रुखमानं तिच्यापुढं रांगोळीही काढली.

चौथ्या दिवशी टेकचंद पत्र्याचा तुकडा घेऊन रांधणीच्या दारात आला.

"माय, दोन निखारे दे."

"कायले?"

"चूल पेटवाची हाये. परवा साहेब येऊन राहिला."

शकुंतलाबाई भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "नाही देत."

"आता काहून?"

"माह्या सासूनं आपल्या चुलीतला विस्तव काढून देल्ला, तवा तुहा मोठा बाबा वेगळा झाला. त्या दिवशी ते बुढी जेवली नाही. माय विस्तव देते तवा पोरगं वेगळं होते. साहेबाले दाखवाले देता येत नाही तो."

"मंग काडीनं पेटवतो."

"पेटव. काडीनं तं सरणही पेटवतेत."

टेकचंद रुखमाकडं पाहू लागला. रुखमाला घर हवं होतं. रोज पहाटे ढोल्याच्या सांदीतून अंग चोरून बाहेर निघताना तिला ते हवं असायचं. पण नवी चूल काडीनं पेटवायला तिचाही हात धजेना. तिच्या माहेरीही कोणी तसं केलं नव्हतं. शेवटी टेकचंदनं आईच्या चुलीतली थंड राख आणून नव्या चुलीत ओतली आणि वर दोन अर्धवट जळकी लाकडं ठेवली.

"जमलं," घनश्याम म्हणाला. "दुरून तं जमलं."

*

साहेब सकाळी दहाला सायकलवर आले, भय्याजी त्यांच्या मागं. साहेब तरुण होते, सावळे, कपाळावर घाम. पुंडलिकरावांनी बाज टाकली. साहेब बसले नाहीत. थेट चुलीपाशी गेले.

"ही धाकट्याची?"

"हो साहेब," घनश्याम म्हणाला. "वेगळे हायेत ते. चार महिने झाले."

"रोज पेटते?"

"दोन टाइम."

साहेब उकिडवे बसले. चुलीच्या आतल्या अंगाला त्यांनी बोट फिरवलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. बोट लाल होतं. काजळीचा ठिपकासुद्धा नव्हता.

"माझी आईही चुलीवरच रांधते," ते म्हणाले.

भय्याजी आढ्याकडं पाहू लागले. घनश्यामनं पुंडलिकरावांकडं पाहिलं, पुंडलिकरावांनी टेकचंदकडं. बोलली ती शकुंतलाबाई.

"नाही पेटली, साहेब. पोराचा दोष नाही. मीच विस्तव नाही देल्ला."

"का?"

"खरंच वेगळं करावं लागलं असतं मंग."

साहेब हसले नाहीत. वहीत काही लिहिलंही नाही. "हात धुवायला पाणी द्या," एवढंच म्हणाले.

पाण्याचा रांजण कोठ्याच्या पडवीत होता. साहेब तिकडं वळले आणि तिथंच थांबले. बैलांच्या पलीकडं, भिंतीच्या कोपऱ्यात, एक बुटकी चूल होती. आतून काळी, बाहेरून काळी, मागची भिंत वरपर्यंत काळी. तिच्यावर पितळेच्या लहानशा गंजात लाखोरीची डाळ शिजत होती.

"ही कोणाची?"

"रंभाआत्याची," चंद्रकांता पटकन म्हणाली. "त्याइचा उपदेश हाये ना, साहेब. आमी मासोळी खातो, त्या नाही खात."

"किती वर्षं झाली?"

"तीस," रंभाबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती.

"मग या घरात दोन चुली आहेतच की."

"नाही, नाही साहेब," पुंडलिकराव पुढं झाले. "ते वेगळी नाही. ते माही बहीण हाये."

"एकटी बाई नियमात बसते का हो, सरपंच?" साहेबांनी विचारलं.

"बसते ना. विधवा बाई तं पहिल्या रकान्यात बसते," भय्याजी म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण जरा घाईच केली.

साहेब रंभाबाईकडं वळले. "बाई, तुम्हाला घर पाहिजे का?"

रंभाबाईनं भावाकडं पाहिलं. मग वहिनीकडं. टेकचंदला तिनं न्हाऊमाखू घातलं होतं, त्याच्याकडं तिला पाहवेना. नाही म्हणायचं तिच्या मनात होतं. तीस वर्षं तिनं सगळ्या गोष्टींना नाहीच म्हटलं होतं, नव्या लुगड्याला, दुधाला, सणाच्या गोडाला. सवयीनं तोच शब्द यायला हवा होता.

"पायजे," ती म्हणाली.

साहेबांनी तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलं. "आठ दिवसांत घरच्यांची लेखी हरकत आली तर खोडीन. नाही आली तर शाईनं पक्कं करीन."

*

त्या दिवशी दुपारी घर दोन ठिकाणी जेवलं. पुरुष छपरीत, बाया रांधणीत. रंभाबाईनं आपली डाळ तशीच झाकून ठेवली.

"हरकत देऊन टाकू," घनश्याम म्हणाला. "गाव थुंकीन आपल्यावर. म्हणतीन, बुढापा आला अन् बहिणीले बाहेर काढलं."

"अन् घर?" टेकचंदनं विचारलं.

"घर गेलं तं गेलं."

"तुह्यासाठी म्हणणं सोपं हाये. तुह्या खोलीत ढोला नाही."

रांधणीत चंद्रकांता डोळे पुसत होती. "मी तं खरं सांगते, मामीजी. रंभाआत्या गेल्या तं माहे पोट्टे कोण पाहीन? तीन तीन हायेत. मी स्वार्थी हाये म्हणा, पण त्या जाऊ नये."

"दहा पावलावर तं जाऊन राहिली," शकुंतलाबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात राग होता. नणंदेशी तिचं कधी वाजलं नव्हतं. दोघींनी मिळून धानाचे रोवणे केले, मिळून पोरं वाढवली. "तीस वर्षांत एक डाव तरी म्हणाली असती. मले तरी. माह्या पोराच्या तोंडचाच घास कायले पायजे होता?"

"मामीजी," रुखमा म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, आता ही रडेल. घर तिचं गेलं होतं.

"घर त्याइलेच भेटू द्या. हरकत नोका देऊ."

"येडी झाली का तू?" चंद्रकांता म्हणाली.

"चार वर्षं ढोल्यामांगं झोपली मी, तं जीव आंबून गेला माहा. त्या बत्तीस वर्षांपासून कुठं झोपतेत, कोणाले मालूम हाये का? बरसातीत कोठ्यात, थंडीत पोट्ट्यांइच्या मंधात, पाहुणे आले का रांधणीत. म्या 'पायजे' म्हटलं असतं तं तुमी मले समजून घेतलं असतं. त्याइनं म्हटलं तं सारे तोंड पाडून बसले."

"अन् टेकचंद भिलाईले गेला तं?"

"जाऊ द्या. मी नाही जात."

छपरीत टेकचंदच्या हातातला घास हातातच राहिला. भिंत मातीची होती. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. घनश्याम हळूच म्हणाला, "घे आता. भिलाईत रांधून कोण घालीन तुले?"

*

सहाव्या दिवशी पुंडलिकरावांनी कागद घेतला. हरकत दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायला त्यांना लाज वाटली. सकाळपासून एकेक अक्षर काढत ते बसले होते. दुपारी त्यांनी बहिणीला बोलावलं.

"बस. वाचून दाखवतो. तुह्या मांगून नाही देत मी."

रंभाबाई उंबऱ्यापाशी बसली. पुंडलिकराव बोट ठेवून वाचू लागले. "रंभाबाई ही माझी लहान बहीण आहे. ती आमच्यात राहते. हे घर तिचंच आहे. म्हणून तिला दुसऱ्या घराची गरज नाही." ते थांबले. "खरं हाये का नाही? बाबाच्या मरणादिवशी म्या तुले सांगतलं होतं, हे घर तुहंच हाये. आठवते?"

"आठवते."

"मंग?"

"भाऊ, माही पेटी या घरात कोणत्या खोलीत हाये?"

पुंडलिकरावांनी मनातल्या मनात खोल्या मोजल्या. ढोल्याच्या खोलीत होती, पण ते टेकचंदच्या लग्नाआधी. मग रांधणीत. पाळण्याच्या वेळी तिथून हलवलेली त्यांनी पाहिली होती. कुठं हलवली, ते त्यांना आठवेना.

"रागानं नाही विचारत," रंभाबाई म्हणाली. "मलेही शोधा लागते कधी कधी. तुमी कोणीच मले कमी नाही केलं. वैनीनं तं आपल्या ताटातलं देल्लं. पण भाऊ, मले एक डाव पाहाचं हाये, आपल्या हातानं ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी तिथंच राहते का."

पुंडलिकरावांनी कागदाची घडी केली. बंडीच्या खिशात घातली. भय्याजींकडं ते गेले नाहीत, सातव्या दिवशीही नाही आणि आठव्याही नाही.

दिवाळीनंतर टेकचंदचं जाणं निघालंच नाही. एका सकाळी शकुंतलाबाईनं त्याला हाक मारली आणि पत्रा आणायला सांगितला. स्वतःच्या चुलीतले तीन निखारे तिनं त्यावर ठेवले. "पुढल्या यादीत नाव लागाले पायजे तं सालभर चूल खरी जळाले पायजे," ती म्हणाली. रुखमानं छपरीतल्या चुलीवर पहिला भात केला आणि पहिलं ताट सासूला नेऊन दिलं. शकुंतलाबाईनं ते खाल्लं. रडली, पण खाल्लं.

रंभाबाईचं घर १९८२ च्या बरसातीआधी उभं राहिलं. भिंतींची माती घनश्याम आणि टेकचंदनं तुडवली. कवेलू चढवायला भय्याजी स्वतः शिडीवर गेले. साहेब पाहून गेले आणि म्हणाले, सतरा जागांपैकी पहिली भरली. पवनीहून दाराची फळी आली तेव्हा सुतारानं विचारलं, कडी बाहेरून लावू का आतून?

"दोहीकून," रंभाबाई म्हणाली.

पहिला महिनाभर ती भरदुपारी दार आतून लावून बसे. काही करत नसे, नुसती बसे. चंद्रकांताची पोरं दारावर थापा मारत, मग ती कडी काढी आणि त्यांना मुरमुरे देई.

पुंडलिकराव मात्र तिकडं गेले नाहीत. आपल्या छपरीत बसून ते त्या दाराकडं पाहत. आषाढात एकदा पाऊस उघडला तेव्हा उठले, दहा पावलं चालले आणि उभे राहिले. दार बंद होतं. बहिणीच्या दारावर थाप मारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कशी मारावी ते कळेना. खाकरून झालं, चप्पल वाजवून झाली. शेवटी त्यांनी दोन बोटांनी फळी वाजवली.

आतून रंभाबाईला खोकला ओळखू आला होता, चपलाही ओळखू आल्या होत्या.

"कोण?" तिनं विचारलं.

"मी. पुंडलिक."

"थांबा. उघडते."

तिनं बाज टाकली, तांब्या दिला. पुंडलिकरावांनी पाणी पिताना खोलीभर पाहून घेतलं, कोनाडा, दोरी, पेटी. "चांगलं हाये घर तुहं," ते म्हणाले आणि चहा होईपर्यंत बसून राहिले.

टेकचंद-रुखमाला १९८३ च्या यादीत घर मिळालं, मारुतीच्या देवळामागच्या पडीत जागेवर. पुंडलिकराव १९८५ च्या माघात, धानाची मळणी आटोपल्यावर, तीन दिवसांच्या तापानं गेले. रंभाबाई त्यानंतर पावणेचार वर्षं आपल्या घरात राहिली. १९८८ च्या कार्तिकात एका सकाळी तिचं दार उघडलं नाही. आतून कडी होती. घनश्यामनं पहार आणली, पण टेकचंदनं ती तिच्या दाराला लावू दिली नाही. तो वर चढला, सहा ओळी कवेलू काढून एका बाजूला नीट रचले, आत उतरला आणि कडी काढून दार आतून उघडलं. रंभाबाई झोपेतच वारली होती.